कोणता वाघ?

1825 सालचा खानदेशातला उन्हाळा. डोंगराच्या उतारावर निवडुंगाची दाट जाळी होती आणि त्या जाळीत वाघ बसल्याची खबर खंडू नावाच्या भिल्लाने आणली होती. खबर ज्याच्याकडे आली तो लेफ्टनंट जेम्स औट्रम जेमतेम बावीस वर्षांचा होता. हत्ती नाही, मचाण नाही, पायीच निघाला. पहिली गोळी चुकली आणि वाघ अंगावर आला. दोघे एकमेकांना कवटाळून उतारावरून गडगडत खाली गेले. कसाबसा एक हात सुटला, त्या हाताने औट्रमने कमरेचं पिस्तूल काढलं आणि वाघ जागीच ठार केला. त्याच्या अंगावरच्या जखमा बघून भिल्ल हळहळायला लागले, तेव्हा मांजराने ओरखडलं तर त्याचं एवढं काय, अशा अर्थाचं काहीतरी तो बोलला. हे बोलणं पुढे भिल्लांच्या तोंडी म्हणीसारखं बसलं, असं त्याचे चरित्रकार सांगतात. चरित्रकार इंग्रज होते, त्यामुळे गोष्ट थोडी फुगलीही असेल. पण पुढच्या दहा वर्षांत औट्रमच्या नावावर जे आकडे मांडलेले आहेत, त्यांच्यापुढे ही गोष्ट किरकोळ वाटते. 191 वाघ. शिवाय बिबटे, अस्वलं, रानरेडे. सरासरी काढली तर एकोणीस दिवसांना एक वाघ पडतो.

या 191 पैकी किती वाघांनी माणूस मारला होता? किती वाघांनी गावातलं जनावर नेलं होतं? कुणी विचारलं नाही. विचारण्याची गरज आहे, असंही कुणाला वाटलं नाही. वाघ होता एवढा गुन्हा पुरेसा होता. हिंस्र जनावर मारणं योग्य की अयोग्य, हा वाद आपल्याकडे दर दोन-चार वर्षांनी पेटतो. मला मात्र त्याच्या अलीकडचा एक साधा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. मारायचा, पण कोणता? गेल्या दोनशे वर्षांत या प्रश्नाचं काय झालं, त्याचीच ही हकीकत आहे.

आजच्या चष्म्यातून औट्रमला खलनायक ठरवणं सोपं आहे, म्हणूनच ते टाळलं पाहिजे. इंग्रजांच्या हाती 1818 साली आलेला खानदेश म्हणजे उजाड मुलूख होता. 1802 ते 1804 या काळात आधी होळकरी फौजांची लुटालूट झाली, मागोमाग भयंकर दुष्काळ आला. त्यानंतर पेंढारी आले, आणि डोंगरात दबा धरून बसलेल्या भिल्लांच्या टोळ्याही होत्या. गावंच्या गावं उठली. तापीकाठची काळी कसदार जमीन पडीक राहिली आणि तिच्यावर बाभळी, बोरी, निवडुंग माजले. माणूस उठून गेला की रान येतं, रानापाठोपाठ हरणं आणि डुकरं येतात, आणि त्यांच्यामागे वाघ. ओस गावांच्या पांढरीत वाघांनी संसार थाटले होते. परत येऊन घर उभं करणाऱ्या कुणब्याचं सगळं भांडवल म्हणजे एक बैलजोडी. त्यातला एक बैल वाघाने नेला, तर त्या सालची पेरणी बुडाली. पेरणी बुडाली की सावकार, आणि सावकाराच्या मागे पुन्हा परागंदा होणं. त्या माणसाला जाऊन वाघाचं निसर्गातलं स्थान समजावून सांगण्याची माझी तरी छाती नाही.

पण सरकारचा हिशेब कुणब्याच्या हिशेबापुरता नव्हता. पडीक जमीन वहितीला आली की तिच्यावर सारा बसतो. वाघ मारणं हे सारा वाढवण्याचंच एक काम होतं. आणि बंदोबस्ताच्या यादीत वाघाच्या जोडीला आणखी एक नाव होतं, ते भिल्लांचं. आधी त्यांच्यावर फौजा पाठवल्या गेल्या, त्यांना डोंगरात घेरलं गेलं. तेवढ्याने भागत नाही असं दिसल्यावर गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या धोरणाने त्यांना सरकारी चाकरीत ओढलं. 1825 साली धरणगावला भिल्ल पलटण उभी राहिली आणि तिचा मुख्य औट्रम. ज्यांना कालपर्यंत हुडकून काढायचं होतं, त्यांनाच वाघ हुडकण्याच्या कामाला लावलं. माग काढणारे तेच, हाका घालणारेही तेच. सातपुड्यातले हेच लोक वाघदेवाची पूजा करत आले आहेत. वर्षातून एकदा त्याला नैवेद्य दाखवायचा आणि आमच्या गुरांच्या वाटेला जाऊ नकोस म्हणून विनवायचं. हा करार एका ठरावीक रानातल्या ठरावीक वाघाशी असतो. पलटणीच्या हुकमात असला काही तपशील नव्हता.

पुढे 1857 च्या धामधुमीत लखनौला नाव कमावून औट्रम बॅरोनेट झाला आणि शेवटी वेस्टमिन्स्टर ॲबेत जाऊन विसावला. इकडे 1860 च्या दशकात भुसावळला रेल्वे आली. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाचे भाव कडाडले आणि तापीचं खोरं नांगराखाली आलं. सपाटीवरचा वाघ संपला तो बंदुकीने की कापसाने, हे सांगणं अवघड आहे. मला विचाराल तर कापसाचा वाटा मोठा.

तोवर वाघ मारणं हे एखाद्या हौशी साहेबाचं काम राहिलं नव्हतं, ते सरकारी खात्याचं काम झालं होतं. 1870 च्या दशकापासून दरवर्षी हिंस्र जनावरांनी आणि सापांनी किती माणसं मारली आणि त्या बदल्यात किती जनावरं मारली, याचे तक्ते छापले जाऊ लागले. मारलेल्या जनावराचा पुरावा कचेरीत दाखवायचा आणि बक्षीस घ्यायचं. वाघाचा दर वेगळा, बिबट्याचा वेगळा, लांडग्याचा वेगळा. इतिहासकार महेश रंगराजन यांनी या कागदांवरून जो हिशेब मांडला आहे तो वाचताना पोटात गोळा येतो. 1875 ते 1925 या पन्नास वर्षांत बक्षिसापोटी मारलेले वाघ 80,000 च्या वर, बिबटे दीड लाखाच्या वर आणि लांडगे दोन लाख. ज्यांच्यासाठी बक्षीस मागितलं गेलं तेवढेच यात आले. संस्थानिकांच्या आणि साहेबांच्या हौसेच्या शिकारी वेगळ्या.

या पद्धतीतली मेख लक्षात घेण्यासारखी आहे. माणसाला चटावलेला वाघ सावध असतो, जागा बदलत राहतो, रात्रीचा फिरतो. त्याच्या मागावर जायचं म्हणजे महिनोन्महिने जीव धोक्यात घालायचा. त्याच्यावर जादा इनाम लागत असे हे खरं, पण रोजचा दर कुठल्याही वाघाला मिळत होता. मग दूर रानात चितळांवर जगणारा, ज्याने गावाचं तोंडही पाहिलेलं नाही असा वाघ पाणवठ्यावर गाठणं कितीतरी सोपं. पैसा शहाणा असतो, तो सोप्या वाटेने जातो. म्हणजे ज्याच्यासाठी योजना काढली तो नरभक्षक बऱ्याचदा शाबूत राहायचा आणि भलत्याचीच कातडी कचेरीत जमा व्हायची. तक्त्यातला आकडा मात्र दरसाल फुगत जाणार, आणि आकडा फुगला म्हणजे बंदोबस्त झाला. सरकारी कामाचं हे रूप आपल्याला अपरिचित नाही.

1878 सालात दोन गोष्टी घडल्या. एक म्हणजे हत्यारांचा कायदा आला. हिंदी माणसाला परवान्याशिवाय बंदूक बाळगता येईना, गोऱ्यांना मात्र मोकळीक राहिली. ज्याच्या गोठ्यात वाघ शिरतो त्याच्या हातात काठी, आणि ज्याच्या हातात बंदूक तो तालुक्याच्या गावी बंगल्यावर. गावकऱ्याने अर्ज करायचा, साहेब सवडीने येणार, आला तर शिकारीच्या हौसेने येणार. दुसरी गोष्ट म्हणजे म्हैसूरकडे हत्ती पकडण्याच्या कामावर असलेल्या सँडरसन नावाच्या अधिकाऱ्याचं पुस्तक त्याच साली निघालं. वाघाचा सरसकट नायनाट करू नका, असं त्याने त्यात लिहिलं. पिकांची नासधूस करणारी डुकरं आणि हरणं वाघ खातो, त्या अर्थी तो शेतकऱ्याच्या उपयोगाचा आहे, आणि माणसं खाणारे वाघ थोडे असतात, मारायचे तर ते मारा. हा काही दयाळू संन्यासी नव्हता, स्वतः पट्टीचा शिकारी होता. पण कोणता, हा प्रश्न त्याला पडला होता. तक्ते भरणाऱ्यांनी त्याचं कितपत ऐकलं, ते वरच्या आकड्यांत दिसतंच.

लांडग्याच्या बाजूने तर असंही लिहिणारा कुणी निघाला नाही. वाघाच्या शिकारीला निदान डौल होता, लांडगा मारून कुणी फोटो काढून घेत नाही. सोलापूर, नगर, पुण्याकडच्या माळरानावर धनगर आणि लांडगा पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना ओळखून होते. मेंढरं नेतो म्हणून शिव्या घालायच्या, वाडग्याभोवती रात्रभर जागायचं, आणि कुत्र्याच्या गळ्यात टोकदार खिळ्यांचा पट्टा बांधायचा. लांडगा किंवा बिबट्या आधी नरडं धरतो, म्हणून तो पट्टा. हे खिळे बाहेरच्या बाजूला असतात. हा पट्टा ध्यानात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

कोणता, हा प्रश्न गंभीरपणे घेणारा माणूस म्हणून सगळ्यांना जिम कॉर्बेट आठवतो. कुमाऊँतल्या चंपावतच्या वाघिणीने नेपाळ आणि हिंदुस्थान मिळून 436 माणसं मारल्याचं सांगतात. 1907 साली कॉर्बेटने तिला मारलं. मेलेल्या वाघिणीचं तोंड त्याने उघडून पाहिलं. उजव्या बाजूचे वरचे आणि खालचे सुळे तुटलेले होते, जुन्या गोळीने. कुणा शिकाऱ्याचा नेम अर्धवट लागला आणि रानातलं सावज धरता येईना म्हणून ती माणसाकडे वळली. रुद्रप्रयागच्या बिबट्याने 125 बळी घेतले. त्याच्यासाठी सापळे झाले, विष झालं, शिकाऱ्यांना जादा परवाने झाले, वाटेल ते बिबटे मारले गेले आणि बळी पडतच राहिले. 1926 च्या मे महिन्यात कॉर्बेटने नेमका तो बिबट्या मारला, तेव्हाच ते थांबलं. कॉर्बेटबद्दलही मला सगळंच गोड बोलायचं नाही. तो साम्राज्याचा माणूस होता आणि स्वतःची गोष्ट सांगण्यात हुशार होता. पण मेल्यावरही जनावराचं तोंड उघडून बघणं, ही सवय त्याच्या काळातल्या फार थोड्या लोकांना होती.

कायद्यात ही सवय यायला 1972 उजाडलं. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत वाघ आणि पुढे बिबट्याही आला. कलम 11 सांगतं की असं जनावर माणसाच्या जिवाला धोकादायक झालं आहे अशी राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाची खात्री पटली, तर कारणं नमूद करून, लेखी हुकमाने त्याला मारायची परवानगी देता येईल. पुढच्या दुरुस्तीने आणखी अट घातली: आधी पकडणं, बेशुद्ध करणं, दुसरीकडे हलवणं शक्य नाही अशी खात्री झाली पाहिजे. शेळी नेली, गाय मारली, एवढ्यावर पहिल्या अनुसूचीतल्या जनावराला गोळी घालता येत नाही, त्याबद्दल नुकसानभरपाई. कायद्याचा सगळा भर एकवचनावर आहे. ‘वाघ’ धोकादायक असं तो म्हणत नाही, ‘हा वाघ’ धोकादायक असं म्हणायला लावतो.

आणि इथून गोष्ट जुन्नरला येते.

खानदेशात माणूस गेला म्हणून वाघ आला होता. जुन्नरला नेमकं उलटं झालं. कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, पाटाला पाणी आलं, कोरडवाहू शिवारात ऊस उभा राहिला. ऊस म्हणजे वर्षभर उभं असलेलं गचपण. आत गारवा आणि पाणी, बाहेर वस्तीवरची कुत्री, शेळ्या, डुकरं. बिबट्याची मादी फडातच व्यायला लागली. तोडणीला आलेल्या मजुरांना पाचटात डोळे न उघडलेली पिल्लं सापडायची. या बिबट्यांच्या कित्येक पिढ्यांनी डोंगरातलं रान पाहिलेलंच नाही.

2001 च्या सुमाराला लोकांचा रेटा वाढला आणि पिंजरे लागले. पिंजऱ्याची रचना साधी असते. मागच्या कप्प्यात बोकड, मध्ये जाळी, पुढच्या कप्प्यात पाय पडला की दार खाली. बोकड रात्रभर ओरडतो. आता त्या वाटेने जो बिबट्या जाईल तो आत. ज्याने माणूस मारला तोच आत शिरेल असं नाही. आलेला बिबट्या गाडीत घालून लांबच्या जंगलात सोडायचा. कुणालाही इजा नाही, माणसंही खूश, प्राणिमित्रही खूश. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा हिशेब केला तेव्हा उलटंच निघालं. जुन्नर भागात 1993 ते 2001 या काळात वर्षाला सरासरी चार हल्ले होत होते, बिबटे हलवायला लागल्यावर ते सतरावर गेले, आणि हल्ल्यांतल्या मृत्यूंचं प्रमाण दुप्पट झालं. आपली हद्द सुटलेलं, पिंजऱ्याच्या गजांवर तोंड आपटून बिथरलेलं जनावर अनोळखी मुलखात सोडलं तर दुसरं काय होणार? शिवाय रिकाम्या झालेल्या हद्दीत नवा, पोरसवदा बिबट्या येतोच. 2009 साली टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेला ‘आजोबा’ नावाचा बिबट्या गळ्यात कॉलर घालून माळशेजला सोडला, तर तो रस्ते आणि रूळ ओलांडत, कुणाच्या केसालाही धक्का न लावता थेट मुंबईकडे गेला. त्याच्यावर सिनेमाही निघाला.

बक्षिसाच्या काळात भलत्यालाच मारत होतो, पिंजऱ्याच्या काळात भलत्यालाच उचलत होतो. बंदूक गेली आणि बोकड आला, पण कोणता हे विचारायचं राहिलंच. ज्यांना सोडणं शक्य नाही असे बिबटे माणिकडोहच्या निवारा केंद्रात जन्मठेप भोगतात. शेजारी माणिकडोहचं धरण आहे. धरणाने ऊस आणला, उसाने बिबट्या आणला, आणि बिबट्या धरणाशेजारीच कोंडला.

कायद्यातल्या त्या एकवचनाची कसोटी मग विदर्भात लागली. यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवडा, राळेगावकडे 2016 ते 2018 या काळात तेरा माणसांचे बळी टी-1 या वाघिणीच्या नावावर लागले. तिला मारण्याच्या हुकमाविरुद्ध लोक कोर्टात गेले. सप्टेंबर 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हुकमात हस्तक्षेप करायला नकार दिला. मग हत्ती, पॅराग्लायडर, कॅमेरे, केल्विन क्लाइनचं ‘ऑब्सेशन’ नावाचं अत्तर, सगळं झालं. मोहिमेतला एक हत्ती साखळी तोडून पळाला आणि त्याने एका बाईला मारलं. 2 नोव्हेंबरच्या रात्री बोराटीच्या शिवारात वाघीण मारली गेली. गावांत फटाके फुटले, शहरांत मेणबत्त्या पेटल्या. शहरात तिचं नाव ‘अवनी’ होतं, गावात ती नुसती वाघीण होती. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या समितीने पुढे नियम मोडल्याचं नोंदवलं.

माझं मत विचाराल तर वाघीण मारण्याचा निर्णय चुकला नव्हता. दोन वर्षं कापसाच्या रानात निंदणीला जाताना एकटीने पुढे पाऊल टाकायचं नाही, बैल चारायला पोराला धाडायचं नाही, असं जगलेल्या लोकांना आणखी थांबा म्हणण्याचा अधिकार दुसऱ्या कुणाला कसा असेल? पण ज्या कायद्याने एवढ्या कष्टाने ‘हा वाघ’ असं एकवचन कमावलं, त्याची अंमलबजावणी रात्री घाईगर्दीत झाली आणि नंतर खुलाशांवर खुलासे करावे लागले. त्यामुळे मारणाऱ्यांच्या बाजूचं खरंही खोट्यासारखं दिसायला लागलं.

आणि पुन्हा जुन्नरच्याच पट्ट्यात, 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात तीन आठवड्यांत तीन बळी गेले. एक लहान मुलगी, एक म्हातारी, एक तेरा वर्षांचा मुलगा. लोकांनी हमरस्ता अडवला, वन खात्याची गाडी पेटवली, आणि दोन दिवसांत बिबट्याला गोळी घालण्यात आली. हाच का तो, हे लोकांनी विचारलं. या वेळी मात्र हा प्रश्न गोळी अडवण्यासाठी नव्हता. तो नसला तर रात्री पुन्हा कुणाचं तरी पोर जाईल, म्हणून विचारत होते. त्यानंतर तिथून जे फोटो आले त्यांत बायका आणि गडी शेतात कामाला निघालेले दिसतात. हातात विळा, खांद्यावर पंचा किंवा डोक्यावर पदर, आणि गळ्यात खिळ्यांचा पट्टा. धनगरी कुत्र्याच्या गळ्यात असतो, तोच. खिळे बाहेरच्या बाजूला.